डावऱ्या हाताची बिडी

मनुबाईची बिडी मी कधी ओढलेली नाही, पण शंभर बिड्यांतून तिची एक नेमकी काढून दाखवीन. जैनाघरच्या निवृत्त शिक्षिकेला हे ज्ञान शोभत नाही, हे मला कळतं. पण जी बाई माझ्या घराच्या मागच्या खोलीत एकवीस वर्षं भाड्यानं राहते आणि उजाडल्यापासून मांडीवर सूप घेऊन बसते, तिच्याकडून एवढं तरी अंगाला लागणारच.

अक्षरावरून हात ओळखू येतो तसा बिडीवरूनही येतो. कुणी पान फार आवळतं, कुणाची बिडी पोटात फुगते, कुणी तोंड दुमडताना नखाची खूण ठेवतं. मनुबाईची बिडी सडपातळ, पानाचा पीळ उजवीकडं आणि तोंडाला बरोबर दोन घड्या. हे वर्णन नीट लक्षात ठेवा, म्हणजे पुढं मी खोटं सांगतेय असं वाटणार नाही. वाटलं तर वाटू दे. चौतीस वर्षं निपाणीच्या मराठी शाळेत शिकवून झाल्यावर कुणाला काय वाटतं याची फिकीर मी सोडलेली आहे.

मनुबाईचं वय चौसष्ट. सात वर्षांची होती तेव्हापासून बिड्या वळते. लग्न झालं, दोन वर्षांत नवरा गोव्याला कामाला गेला आणि तिकडंच दुसरा संसार मांडून बसला. ती माहेरी परत आली ती कायमची. मग आई गेली आणि उरल्या दोघी बहिणी. धाकटी बाळाबाई, हिच्याहून दोन वर्षांनी लहान. तिचं लग्न झालंच नाही. तिच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आत मुडपलेली होती, आणि आमच्याकडं मुलगी बघायला आलेले लोक तोंडाच्या आधी हात बघतात. ती उजव्या हातानं वळायची, पण सावकाश. मनुबाईच्या हजार बिड्या होईपर्यंत तिच्या सहाशे. दोघी मागच्या खोलीत समोरासमोर बसायच्या, मध्ये तंबाखूचं सूप, आणि दिवसच्या दिवस बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, काय हा समंजसपणा!

तीन वर्षांपूर्वी बाळाबाई छातीच्या दुखण्यानं गेली. तिची जागा मनुबाईनं रिकामीच ठेवली. तिथं ती मांजरालासुद्धा बसू देत नाही.

आता यात नाच कुठून आले ते सांगते. माझी नात ऋतिका बेंगळुरूला असते, पियानो शिकते. गेल्या उन्हाळ्यात तिनं मला फोनवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. “आजी, रोज दुपारी ऐक, तुझं बीपी उतरेल.” माझ्या मुलानं, श्रेयांसनं, बेळगावला खडेबाजारातून एक हाताएवढा स्पीकर आणून दिला. रेकॉर्डिंग कुठल्याशा थंड देशातल्या एका म्हाताऱ्या बाईचं होतं. तिकडच्या गावांतले नाच पियानोवर बसवलेले, चौदा. एकेक दीड-दोन मिनिटांचा. सुरू होतो न होतो तोच संपतो. पहिल्या दिवशी मला ते पत्र्यावर शेंगा ओतल्यासारखं वाटलं. चौथ्या दिवशी माझा पाय हलत होता, आणि मी तो दुसऱ्या पायानं दाबून धरला. रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसणाऱ्या बाईनं परक्या देशातल्या नाचावर पाय हलवावा हे बरं नव्हे.

ऐकून ऐकून बारीकसारीक कळू लागलं. एक नाच संपून दुसरा सुरू व्हायच्या आधी वाजवणारी श्वास घेते, तो ऐकू येतो. तिची खुर्ची करकरते. ती बाई तीस वर्षांपूर्वी वारली असं ऋतिका बोलता बोलता म्हणाली, आणि त्या दिवसापासून तो श्वास आला की मी माझा रोखून धरायची. गेलेल्या माणसाचा फोटो बघणं वेगळं. त्याचा श्वास ऐकणं मला काही बरं वाटेना. तरी दुपारी तीन वाजले की बोट आपोआप फोनकडं जायचं.

आठवडाभरानं मनुबाई मागच्या दारात उभी राहिली.

“बाई, दुपारचं कोण नाचतंय तुमच्यात?”

“कोणी नाचत नाही. पियानो आहे तो. एक बाई बसून वाजवते.”

“एक न्हवं,” ती म्हणाली. “दोघी हायत. एक थोरली, ती म्होरनं गाती. एक धाकटी, ती डाव्या अंगाला बसून मागनं ठेका धरती.”

मी हसले. “अगं, दोघी नव्हेत, दोन हात. उजवा हात चाल वाजवतो आणि डावा ठेका.”

“आसंल,” ती म्हणाली. शिक्षिकेला खोटं पाडू नये म्हणून माणसं म्हणतात तसं. “पर तिसऱ्या नाचात थोरली न्हायच. धाकटी एकटीच नाचती.”

मी ऋतिकाला विचारलं. तिचं उत्तर लगेच आलं. “आजी, तुला कसं कळलं? तिसरा तुकडा फक्त डाव्या हातासाठीच लिहिलेला आहे. उजवा हात मांडीवर ठेवून वाजवतात. ऐकून कुणाला कळत नाही!”

ते मी मनुबाईला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, त्याला कारण माझा हट्टी स्वभाव. माझ्या घरात माझ्यापेक्षा जास्त कळणारं कुणी असलेलं मला खपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती सूप घेऊन माझ्या सोप्यातच येऊन बसू लागली. “हितं बसतो, बाई,” म्हणायची. आमच्याकडच्या बायका ‘बसतो’, ‘येतो’ म्हणतात, ‘मी केलो’, ‘मी सांगितलो’ म्हणतात. शेजारच्या कन्नडचा वारा लागलेला. चौतीस वर्षं मी मुलींच्या वह्यांतून हे तांबड्या शाईनं खोडत आले. भाषेला काही झालं नाही, शाई मात्र बरीच संपली.

नाच सुरू झाले की तिचे हात पळायचे. कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, तोंडाला दुमड, दोरा. बाळाबाई गेल्यापासून तिचे हात जड झाले होते, कारखान्यात बिड्या परत येत होत्या, ते मला ठाऊक होतं. म्हटलं, चला, ऋतिकाच्या बीपीच्या औषधाचा गुण हिला आला.

तर एका सकाळी कारखान्यातला बिड्या तपासणारा भावकू घरी आला. माझाच विद्यार्थी, आता चाळिशीचा, टक्कल पडलेला. मला नमस्कार केला आणि मनुबाईसमोर एक पिशवी ठेवली.

“मावशी, तुझ्या कार्डावर दुसरं कुणी वळाय बसवलाईस काय?”

“न्हाय रं.”

“मग ह्या कुणाच्या? बंडलात सगळ्या एका अंगाच्या लागतात, तुला म्या सांगाय पायजे व्हय? रोज चार-चार बिड्या उलट्या पिळाच्या निघतात. डावऱ्या माणसाचा हात हाय हा.”

“एवढं कसं कळतं तुला?” मी विचारलं.

तो हसला. “कळतंय की बाई. मी बी डावराच न्हवं का. तुमीच सरळ केलासा.”

त्यात राग नव्हता. मला आधी आठवेना. मग पट्टी आठवली, लाकडी, एक फुटाची. दर वर्षी पहिलीत दोन-तीन मुलं डावरी निघायची, आणि मी त्यांच्या डाव्या हाताच्या पेरांवर पट्टी मारायची, हलकीच, आठवडाभर, मग ती उजव्या हातानं लिहायला लागायची. याबद्दल पालकांनी माझे आभार मानले आहेत. भावकू चहा घेऊन गेला.

मनुबाईनं पिशवीतली एक बिडी घेतली आणि उजेडात धरली. पानाचा पीळ डावीकडं. तोंडाच्या घड्या तिनं नखानं मोजल्या. एक, दोन, तीन.

“कुणाची गं?” मी विचारलं.

“कुणाची न्हाय,” ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

आता मी भुतंखेतं मानत नाही. आमच्यात कर्म मानतात. कुणी कुणाच्या मानगुटीवर बसत नाही, आपलंच आपल्याला फळतं. म्हणून मी ठरवलं, याची तपासणी करायची. दुपारी स्पीकर लावलाच नाही. कानात ते नळीचे बोळे घातले, जे श्रेयांसनं स्पीकरबरोबर आणले होते, आणि आरामखुर्चीत मासिक धरून बसले. नाच फक्त माझ्या कानात. सोप्यात सगळं गप्प, समोरच्या वखारीतून तंबाखूचा नाकाला झोंबणारा खाट येत होता, बस. मनुबाई मान खाली घालून वळत होती, उजव्या हातानं, संथ.

पहिला नाच झाला. दुसरा झाला. माझ्या कानात त्या मेलेल्या बाईनं श्वास घेतला आणि तिसरा सुरू झाला.

मनुबाईचा उजवा हात सुपावरून उचलला गेला आणि कमरेशी जाऊन टेकला. कुणीतरी धरून ठेवावा तसा. आणि डाव्या हातानं पान उचललं. एका हातानं बिडी वळता येत नाही, कुणालाही विचारा. तो हात वळत होता. पान मांडीवर दाबून, अंगठ्यानं पीळ देऊन, तोंडाला भराभर तीन घड्या घालून. दीड मिनिटात चार बिड्या. मनुबाई हाताकडं बघतही नव्हती. ती समोरच्या रिकाम्या भिंतीकडं बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर गोगलगाय बघणाऱ्या लहान पोरीचं कुतूहल होतं.

माझा पाय हलत असेल, तो बघून तिला ताल कळला असेल, अशी मी माझी समजूत घातली. पाय बघितला. दोन्ही पाय मी खुर्चीवर मांडी घालून अंगाखाली घेतलेले होते. मला मनापासून भीती वाटली.

मी ते रेकॉर्डिंग बंद केलं. ऋतिकाला सांगितलं, बीपी उतरलंय, आता नको. बारा दिवस घरात शांतता होती. पण मनुबाईचे हात थांबले. उजवा हात नाही, डावा नाही, कुठलाच चालेना. भिजवलेली पानं सुकून जायची. ती रोज तीन वाजता सोप्यात यायची, सूप घेऊन बसायची, आणि स्पीकरकडं बघत राहायची. तेराव्या दिवशी म्हणाली, “लावा की, बाई.”

“नको. तुझी तब्येत बिघडते त्यानं.”

“बाई, मी कधी काय मागितलो न्हाय तुमाला.”

हे खरं होतं. एकवीस वर्षांत गळक्या कौलाबद्दलसुद्धा तिनं तोंड उघडलं नव्हतं. मी लावलं, आणि उगीच बघत बसायला नको म्हणून आत चहा टाकायला गेले. आतून मला सगळं ऐकू येत होतं. पहिला नाच, दुसरा, तो श्वास, तिसरा. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा चौथा सुरू झाला होता.

मनुबाईचा उजवा हात कमरेला बांधलेला होता. बिडीच्या बारीक दोऱ्यानं, मनगटाला सहा-सात वेढे, मग लुगड्याच्या ओच्यातून कमरेभोवती फिरवून मागं पाठीवर निरगाठ. मी गाठ बघितली. आपल्या पाठीवर, एका हातानं अशी गाठ कुणाला मारता येत नाही. नंतर मी दार लावून स्वतः करून बघितलंय. नाही येत.

कप खाली ठेवून मी कात्री उचलली.

“तोडू नगा!” ती इतक्या जोरात ओरडली की मी थांबले. तिनं एकवीस वर्षांत आवाज चढवला नव्हता. मग हळू म्हणाली, “तोडू नगा, बाई. बसा जरा. तुमाला सांगतो.”

मी स्पीकर बंद केला आणि तिच्यासमोर खाली बसले.

“बाळी जल्माची डावरी,” ती म्हणाली. “सात वर्साची हुती तवा आईनं तिला सुपावर बसवली. डाव्या हातानं वळायची. तोंडाला तीन घड्या घालायची, दोन घाल म्हटलं तरी तीनच. आणि हात असा चालायचा, बाई! मी दोन वर्सं आदी शिकल्याली, तर मला माघं टाकायची. पर डाव्या बिड्या कारखान्यात घेत न्हवते. म्हणून आई रोज सकाळी तिचा डावा हात कमरंला बांधायची. बिडीच्या दोऱ्यानंच. उजव्या हाताला सवय लागूदे म्हणून. सांजंला सोडायचं काम माझं. रोज मी सोडायचो.”

ती थांबली. पट्टी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

“एक दिवस आई शेजारणीला म्हणाली, धाकटी डावरी नसती तर थोरलीला जल्मात वर येऊ दिली नसती. मी ऐकलो. त्या सांजंला मी सोडलो न्हाय.”

“विसरलीस.”

“आईला मी तेच सांगितलो. इसरलो म्हणून. इसरलो न्हवतो, बाई. दिवं मालवल्यावर बाळी मला हालवून म्हणाली, आक्का, सोड की गं, दुखतंय. मी डोळं मिटून पडलो. परत म्हणाली. मी घोरल्यावानी केलो. लई येळ म्हणत हुती. मग गप झाली. सकाळी हात वांग्यावानी निळा झालता. दोन बोटं गेली ती गेलीच.”

बाहेरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मनुबाईनं ती जाईपर्यंत वाट पाहिली.

“मी जागी हुतो हे तिला ठावं हुतं का न्हाय, एवढंच मला कळाय पायजे. बावन्न वर्सं म्होरं बसून वळली. एकदा बोलली न्हाय. एक शिवी घातली न्हाय. तिला खरंच वाटलं का आक्का झोपली हुती? का सगळं ठावं असून गप बसली? मरताना मी तिच्या तोंडाजवळ कान न्हेलो. म्हटलो, बाळे, काय बोलायचं हाय काय? तर म्हणाली, पानं भिजत घाटलीस का.”

मला रडू आलं. मी सहसा रडत नाही आणि कुणी रडलेलं मला आवडतही नाही, पण त्या वेळी मला आवरलं नाही. तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर बोटांना ती गाठ लागली, घट्ट, ओली केल्यासारखी. मी हात मागं घेतला.

“ह्यो हात तिनं बांधलाय,” मनुबाई म्हणाली. “ह्याच हातानं मी सोडायचो. आता सोडायचा का न्हाय ते तिनं ठरवायचं. तुमी मधी पडू नगा.”

मी वाद घातला. गेलेलं कोणी येत नाही, म्हणाले. रक्त थांबेल, म्हणाले. डॉक्टरांना बोलावते, म्हणाले. भावकूला बोलावते, म्हणाले. ती ऐकून घेत राहिली, वर्गात मागच्या बाकावरची पोरं ऐकतात तशी. शेवटी उठून आपल्या खोलीत गेली आणि बाळाबाईच्या जागेसमोर बसली. “ते तिसरं एकटंच लावून ठेवा,” म्हणाली. “तेवढं करा.”

सूर्य मावळतीला आला होता. आमच्यात त्यानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत, त्या दिवशी मी मावळायच्या आतही जेवले नाही. स्पीकर तिच्या खोलीत उंबऱ्याशी ठेवला, फोनवर तिसरा नाच पुन्हा पुन्हा वाजेल असा लावला, आणि कात्री तिच्या डाव्या हाताशी ठेवली. “फार दुखलं तर काप,” मी म्हणाले. तिनं कात्रीकडं बघितलं आणि पायानं दूर सारली.

भिंतीपलीकडून तो नाच येत राहिला. मूळचा इतका आनंदी तुकडा आहे तो, उड्या मारणारा. कुठल्याशा देशात त्यावर पोरी गिरक्या घेत असतील. दीड मिनिट, मग श्वास, मग परत. मी अंथरुणावर पडून मंत्र म्हणत होते आणि माझा मंत्र त्याच ठेक्यावर चालला होता. पहाटे कधीतरी तो थांबला. सकाळी उठून बघितलं तर फोन बंद पडलेला होता. चार्जिंगला लावून चालू केला, तेव्हा कळलं की त्याची बॅटरी रात्री साडेनऊलाच संपली होती. मी पहाटेपर्यंत काय ऐकलं ते मला सांगता येणार नाही.

मी मागच्या खोलीचं दार ढकललं.

मनुबाई तशीच बसलेली होती. दोरा तसाच होता. मनगटाचे वेढे कातडीत रुतले होते आणि हाताचा पंजा सुजून जांभळट झाला होता. तिचे डोळे लाल होते. ती माझ्याकडं बघून हसली, आणि त्या हसण्यानं मला दारातच थांबवलं.

“गाठ सोडली नाही ना तिनं?” मी म्हणाले. “मी म्हटलं नव्हतं? कोणी येत नाही, मनुबाई.”

“आलती,” ती म्हणाली. “हितंच बसली हुती. एवढीशी, सात वर्साची. मी म्हटलो, बाळे, सोड की गं, दुखतंय. तर डोळं मिटून पडली. परत म्हटलो. तर घोराय लागली. लटकंच, बाई. पोरगी लटकं घोरती ते मला कळत न्हाय व्हय? मी म्हणत ऱ्हायलो आणि ती घोरत ऱ्हायली. कोंबडं आरवायच्या टायमाला उठून बसली. माझ्याकडं बघितली.”

“मग?”

“म्हणाली, आक्का, तू जागी हुतीस.”

खोलीत भिजलेल्या पानांचा वास होता. समोरच्या रिकाम्या जागेकडं बघायचं मी टाळलं.

“सगळं ठावं हुतं तिला,” मनुबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा असूनही ती पुसत नव्हती. “पैल्यापासनं ठावं हुतं. ठावं असून माझ्या हातची भाकरी खाल्ली. बावन्न वर्सं. बाई, बोलली ती माझ्यासंगं.”

मी कात्री उचलून तिच्या पाठीमागं बसले. दोरा पात्यात धरला आणि थांबले. एवढी वर्षं मी पोरांचे हात नुसते धरले आणि फिरवले. कधी कुणाला विचारलं नव्हतं.

“कापू का गं, मनुबाई?” मी विचारलं.

तिनं समोरच्या रिकाम्या जागेकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, “कापा आता.”